चिमणीपासून एकशेदहा पावलं

मुंबईत नसलेल्या वस्तू दाखवण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस शोधून सापडायचा नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की लोक त्याला समुद्र दाखवतात, राणीच्या बागेतले पेंग्विन दाखवतात, गेलाबाजार एखादा मॉल तरी दाखवतात. सासरे त्याला लालबाग-परळ दाखवतात, आणि तेही आजचं नव्हे, चाळीस वर्षांपूर्वीचं. "हे सूतखातं. हे रंगखातं. आणि हा बॉयलर, जरा लांबनं चला, भाजेल," असं ते एका पार्किंगच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून इतक्या गंभीरपणे सांगतात की पाहुणा खरोखरच दोन पावलं बाजूला सरतो. मी स्वतः सरलेलो आहे. मी जन्माने गिरगावकर, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला. गिरणीशी आमचा संबंध अंगातल्या शर्टापुरता.

त्या शर्टावरूनच आमची पहिली ओळख झाली. मुलगी बघायला आम्ही त्यांच्या लालबागच्या चाळीत गेलो, तेव्हा माझे वडील माझा पगार, माझी बढती, सगळं पाठ करून आले होते. सासऱ्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. ते माझ्या शेजारी येऊन बसले, माझ्या बाहीचं टोक चिमटीत धरलं, खिशातून रुपयाएवढं एक भिंग काढलं आणि एक डोळा मिटून बाहीतले धागे मोजायला लागले. पोहे निवले. माझ्या आईने माझ्याकडे काळजीने पाहिलं. शेवटी भिंग खिशात ठेवत ते म्हणाले, "उभे धागे बरे आहेत. आडव्यात चोरी केलीय गिरणीवाल्याने. पण त्यात मुलाचा काय दोष?" आणि लग्न ठरलं. आजही दिवाळीला मी नवा शर्ट घालून गेलो की आधी त्याची तपासणी होते, मग माझी विचारपूस.

सासरे साचेखात्यात होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. सासरे एका वेळी दोन चालवायचे. शेकडो साचे एकदम धडधडत असताना तिथे बोलणं कानाने ऐकूच यायचं नाही, म्हणून सगळं संभाषण ओठांच्या हालचालींवर आणि हातवाऱ्यांवर चालायचं. गिरणी गेली, पण सवय राहिली. त्यामुळे सासरे एकतर समोरच्या चाळीला ऐकू जाईल असं बोलतात, नाहीतर नुसते ओठ हलवतात. मधली पट्टी त्यांच्या पेटीत नाहीच. बरं, दुसऱ्याचे ओठ वाचण्यातही ते इतके तरबेज की त्यांच्यासमोर कुजबुजायची सोय नाही. आमच्या लग्नात हॉलच्या पार त्या टोकाला बसलेली माझी आत्या शेजारणीच्या कानाशी लागून श्रीखंडाबद्दल काहीतरी म्हणाली. पाचव्या मिनिटाला सासरे हातात पिठीसाखरेची वाटी घेऊन तिच्यापुढे उभे. "आंबट झालंय म्हणालात ना?" तेव्हापासून आत्या त्यांच्यासमोर तोंडाला पदर लावूनच बोलते.

त्यांच्या सहलीचं वेळापत्रक कुकर ठरवतो. पहिल्या शिटीला पाहुण्याने आंघोळ उरकायची, दुसरीला नाश्ता, तिसरीला चपला. गिरणीचा भोंगा बंद पडल्यावर घरात काहीतरी भोंगा हवा म्हणून ही व्यवस्था. मग पायात कॅनव्हासचे बूट, काखेत छत्री, आणि स्वारी निघते. मसाल्याच्या गल्लीत कुटल्या जाणाऱ्या मिरच्यांनी पाहुणा शिंकून शिंकून बेजार होतो, गणपतीच्या कारखान्यात अर्ध्या रंगवलेल्या मूर्तींपुढे हात जोडतो, पण हे सगळं सासऱ्यांच्या लेखी किरकोळ. माझ्या भाच्याने एकदा पेंग्विनसाठी हट्ट धरला. सासरे म्हणाले, "अरे, पेंग्विन कुठे पळून जातायत? चिमणीचं काय सांगता येत नाही, आज आहे, उद्या पाडतील." भाच्याला चिमणी बघावी लागली.

गिरणीत शिरायचं ते मात्र गेटातून. आता तिथे गेट नाही, भिंत नाही, नव्या टॉवरच्या कुंपणापर्यंत सगळीकडे सपाट फरशी आहे. तरी सासरे भिंतीच्या जागेवरून कुणाला आत जाऊ देत नाहीत. पुण्याचे माझे आतोबा, जे आयुष्यात कुणाचं ऐकण्यासाठी प्रसिद्ध नाहीत, ते तिथे अडून बसले. "इथे भिंत आहे कुठे?" ते म्हणाले. "आहे तर! भिंतीवरनं गेलात तर वॉचमन कार्ड काढून घेईल," सासरे म्हणाले. दहा मिनिटं वाद झाला. शेवटी आतोबा निमूटपणे वळसा घालून आले आणि नसलेल्या गेटात उभं राहून, नसलेल्या वॉचमनला आपलं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढून दाखवते झाले. सासऱ्यांनी ही हकीकत पुढे सगळ्या लालबागला सांगितली.

इतक्या माणसांना गिरणी दाखवणाऱ्या या गृहस्थांनी एका माणसाला मात्र ती कधी दाखवली नव्हती, आणि ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. खंडेनवमीला गिरणीत साच्यांची पूजा व्हायची, झेंडूची तोरणं लागायची, आणि त्या एका दिवशी कामगार बायकामुलांना आत नेऊन आपापला साचा दाखवायचे. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला सासूबाई बाळंतपणासाठी कोकणात होत्या. "पुढच्या वर्षी नक्की," असं सासऱ्यांनी पत्रात कळवलं. पुढच्या वर्षी संप होता. त्यानंतर ती गिरणी त्यांच्यासाठी उघडलीच नाही. बायकोला आपले साचे दाखवायचे राहिले, हे शल्य त्यांच्या मनात इतकं खोल आहे की त्याबद्दल ते मोठ्याने कधी बोलत नाहीत. "चल की गो," असं प्रत्येक सहलीला ते सासूबाईंना म्हणायचे. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "जां नाय तां काय बघूचा?"

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसने जागा बदलली, आणि योगायोग असा की आम्ही नेमके सासऱ्यांच्या गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरात गेलो. आवारात जुनी चिमणी तेवढी ठेवलेली आहे, बुंध्याशी निळे दिवे लावून. सासऱ्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारली. माझ्या बढतीच्या वेळी नुसतीच मान हलवली होती. मी त्यांच्यासाठी पाहुण्याचा पास काढला. चिमणीपासून त्यांचे साचे सरळ एकशेदहा पावलांवर, हे त्यांना नावासारखं पाठ होतं. पाठ चिमणीला टेकवून ते मोजत निघाले, आणि एकशेदहावं पाऊल पडलं ते शोभेच्या तळ्याच्या काठावर. पायाशी कमळं आणि कारंजं. सासऱ्यांनी छत्रीचं टोक पाण्यात बुडवून पाहिलं. "बुडवले," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून सहलीतला हा मुक्काम ते बाहेरच्या कुंपणापासूनच, घाईघाईने उरकू लागले.

या वर्षी चाळीच्या पुनर्विकासाचं ठरलं. दिवाळीनंतर सगळ्यांनी अँटॉप हिलच्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये जायचं. त्यातून सासूबाईंचे गुडघे. एकदा तिकडे गेल्यावर लालबागला पायी फिरणं होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. खंडेनवमीच्या सकाळी मी ऑफिसला जाता जाता नेहमीप्रमाणे सासूबाईंनी केलेला डबा न्यायला गेलो, तर सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. "आज मी येतंय," त्या म्हणाल्या. सासऱ्यांना काय करावं सुचेना. त्यांनी देव्हाऱ्यातला लाकडी धोटा उचलला. साच्यात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो हा धोटा; संपाच्या आदल्या दिवशी दुरुस्तीला म्हणून घरी आणलेला, तो परत करायचा राहिला होता. तो पिशवीत टाकला, झेंडू टाकले, आणि तिसऱ्या शिटीची वाट न बघता आम्ही निघालो.

आवाराच्या दाराशी रिसेप्शनवरच्या मुलीने पासावर लिहिण्यासाठी विचारलं, "कशासाठी आलात, काका?" सासरे म्हणाले, "खंडेनवमी." तिने तेच लिहिलं.

चिमणीपासून सासरे मोजत निघाले. मागे माझ्या हाताला धरून सासूबाई. एकशेदहावर ते तळ्यापाशी थांबले आणि पाण्याकडे बोट केलं. "हयसर. पाण्याखाली." त्यांचा आवाज इतका बारीक मी पहिल्यांदाच ऐकला. सासूबाईंनी पाण्याकडे पाहिलंच नाही. त्या त्यांच्या पायांकडे बघत होत्या.

"ओ, ही पावलां खंयची?" त्या म्हणाल्या.

"खंयची म्हणजे? माजीच!"

"आताची. तवाची खंय? आपल्या खोलीपासून नळापर्यंत तवा तुमची अकरा पावलां होत. आता पंधरा होतत."

"तुका काय ठाऊक?"

"ऐकतंय मां रोज. पाळी सुटली काय मोजीत बसायचंय, कदी येतत म्हणान."

मी मोबाइल काढून हिशेब केला. तेव्हाची एकशेदहा म्हणजे आताची बरोबर एकशेपन्नास. "अजून चाळीस," मी म्हणालो. सासरे तळ्याच्या कडेकडेने, रेष न सोडता निघाले. काचेचं दार आपोआप सरकलं. एकशेपन्नासावं पाऊल पडलं ते लॉबीत, पाहुण्यांचा सोफा आणि प्लॅस्टिकच्या झाडाच्या मधल्या जागेत. कोरडी, स्वच्छ, उजेडाची जागा.

त्यांनी धोटा सोफ्याच्या हातावर ठेवला, त्यावर झेंडू वाहिले. सिक्युरिटीवाला लगबगीने आला. मी कार्ड दाखवून त्याला दोन मिनिटं मागितली. "ह्यो डावो," सासरे सोफ्याकडे हात करून म्हणाले. "ह्यो उजवो," झाडाकडे. आणि स्वतः मध्ये उभे राहिले. सासूबाई जवळ गेल्या. जाताना त्यांनी पदर ओढून कमरेला घट्ट खोचला, यंत्रात अडकू नये म्हणून. मग सासरे त्यांच्याकडे बघून नुसते ओठ हलवत काहीतरी म्हणाले. सासूबाईंनीही नुसते ओठ हलवले. तसं दोघं बराच वेळ बोलत होती. सगळी लॉबी शांत होती, आणि मला एक अक्षर कळलं नाही. माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही. सिक्युरिटीवाला दाराकडे तोंड करून उभा राहिला.

दिवाळीनंतर ते अँटॉप हिलला गेले. तिथे नळ घरातच आहे. सासूबाईंची तक्रार एवढीच, की आता मोजायला काही राहिलं नाही. सहली बंद झाल्या असं मात्र नाही; सासरे पाहुण्याला टॅक्सीने नेतात आणि मी पास काढतो. मीही लॉबीतून जाताना त्या सोफ्याला वळसा घालून जातो, कोणी विचारलं तर काय सांगावं हे अजून ठरलेलं नाही. परवा तिकडे जेवायला गेलो असताना मी सासूबाईंना एकटं गाठून विचारलं, की त्या दिवशी तुम्ही दोघं काय बोलत होतात? मी शेजारीच उभा होतो, काहीच ऐकू आलं नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "साचे चालू होते मां. तेच्या आवाजात तुमका कसा ऐकाक येतला?"