बेरिलची सीट

नॉर्मनचं नाव निघालं की अजूनही माझ्या तोंडाची चव जाते.

इंग्लंडातल्या लाँग ईटनच्या सोफ्यांच्या कारखान्यात त्याची बायको बेरिल आणि मी शेजारशेजारच्या शिलाई मशीनवर बसायचो. नॉर्मन घरामागच्या गॅरेजमध्ये कित्येक वर्षं स्वतःच्या हातानं स्पोर्ट्स कार बांधत होता. नळ्या जोडून सांगाडा केला, भंगारातल्या गाडीचं इंजिन चढवलं. बेरिल चहा पोचवायची आणि त्याचे ग्रीसनं बरबटलेले कपडे धुवायची. तिचं मागणं एकच होतं. गाडी झाली की पहिली फेरी स्केग्नेसच्या समुद्रावर, आणि शेजारच्या सीटवर ती.

"तूच की. दुसरं कोण बसणार?" नॉर्मन म्हणाला होता.

म्हणून दोन्ही सीटांची कव्हरं तिनं शिवली. लाल रेक्झिन, कडेनं काळी पायपिंग. शेजारच्या सीटचं कव्हर तिच्या स्वतःच्या मापानं. जेवणाच्या सुट्टीतही तेच चालायचं.

"लग्नाचा झगा तरी इतकं मन लावून शिवला होतास का गं?" मी विचारलं.

"तो भाड्यानं आणला होता," ती म्हणाली.

घरी गाड्या बांधणाऱ्या या लोकांची सीटची गादी करायची एक तऱ्हा आहे. फोमची दोन रसायनं कालवून कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत ओतायची, तोंड बांधायचं आणि वर माणूस बसवायचा. आत फोम फुगतो आणि त्या माणसाच्या बुडाचा, पाठीचा आकार घेऊन घट्ट होतो. बसणाऱ्यानं हलायचं नाही.

त्या रविवारी पिशवी धरायला मी गेले होते. नॉर्मननं सगळ्यात स्वस्त, पातळ पिशवी आणली होती. बेरिल त्यावर बसली आणि फोम फुगायला लागला.

"अहो, भाजतंय."

"गप बस. हलू नकोस."

पिशवी पाठीमागून फाटली. तो पिवळा, मासळी कुजल्यासारखा वास मारणारा चिकटा तिच्या मानेवर, केसांत गेला आणि बघता बघता वाळला. मी कात्रीनं कानापर्यंत केस कापले. मानेवर लाल चट्टे उठले होते. हा बाबा जमिनीवरचा फोम खरवडत बसला होता.

"अख्खा डबा वाया घालवलास," तो म्हणाला. "हललीस कशाला?"

पुढच्या आठवड्यात त्यानं नवा डबा आणला आणि पिशवीवर टेरीला बसवलं. टेरी म्हणजे त्याचा गाडीक्लबातला दोस्त, बेरिलच्या दुप्पट. तो डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री खात बसला आणि इंचभरही हलला नाही. आता बेरिलचं कव्हर त्या गादीवर चढेना. नॉर्मननं ते तिच्या पुढ्यात टाकलं.

"कंबरेत जरा सैल कर. पहिल्या फेरीला टेरी येतोय. वाटेत काही बिघडलं तर तू काय करणार?"

"मार फेकून तोंडावर," दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात तिला म्हटलं.

"गाडी लोक बघणार गं. सुरकुती पडली तर लाज माझीच जाईल." ती टाके उसवायला लागली.

स्केग्नेसला ते दोघे गाडीनं गेले. गाडीला डिकी नव्हती, म्हणून सँडविच, थर्मास आणि टेरीचा कोट घेऊन बेरिल बसनं निघाली. तिला एकटीला सोडवेना, म्हणून मीही गेले. लिंकन गावाच्या पुढे लाल सीटांची ती बिनटपाची गाडी भोंगा वाजवत आमच्या बसला मागे टाकून गेली. बेरिल उठून काचेला नाक लावून बघत राहिली. मला वाटलं, आता तरी ही बया एखादी शिवी हासडेल.

"बघितलंस? एवढा टेरी बसलाय, पण शिवणीवर कुठे ताण नाही."

त्या क्षणी मला तिचीसुद्धा किळस आली. मी पलीकडच्या खिडकीकडे तोंड फिरवलं.

तिनं माझा दंड हलवला.

"ड्रायव्हरला विचार ना गं, अजून किती वेळ? ते आधी पोचतील. भुकेले असतील."