बकुळचे बाबा दारात

“आणि बाबा परत आलेच नाहीत तर?” सुलभाताईंनी फोनवर विचारलं.

मी उल्हासनगर कॅम्प दोनला हरीशभाईंच्या प्रेसमध्ये उभी होते. समोर टेबलावर बकुळ मालिकेच्या शेवटच्या पुस्तकाची कव्हरं रचून ठेवलेली. कव्हरवर बकुळ बाबांच्या गळ्यात पडलेली. आणि लेखिका मला विचारत होत्या, बाबा आलेच नाहीत तर.

मी मुलांच्या पुस्तकांची एडिटर आहे. म्हणजे शुद्धलेखन तपासते, असं आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं. तेही करते. पण निम्मं काम लेखकाच्या मागे लागण्याचं.

बकुळच्या पहिल्या पुस्तकात तिचे बाबा ट्रक घेऊन जातात आणि परत येत नाहीत. पुढे बकुळ एकेक अडचण निस्तरत मोठी होते. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी दारावर थाप पडते. तिथेच पुस्तक संपतं. अंबरनाथच्या कुठल्याही शाळेत गेले की मुलं आधी तेच विचारायची, “मॅडम, दारात कोण आहे?”

मला तरी कुठे माहीत होतं? सहावं, शेवटचं पुस्तक त्या थापेच्या आधीचे दिवस सांगून परत त्याच दाराशी येत होतं, आणि सुलभाताईंनी त्याचं शेवटचं प्रकरण तीनदा लिहिलं होतं. पहिल्यात बाबा मिठाई घेऊन आले. दुसऱ्यात त्यांच्या गाडीचा क्लीनर आला, ते गेल्याची बातमी घेऊन. तिसऱ्यात कुरिअरवाला निघाला. ते वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि भांडी घासायला गेले.

“मॅडम, बच्चों की किताब है,” हरीशभाई म्हणाले. प्रेसही त्यांची आणि प्रकाशकही तेच. “बाप को घर लाओ, गले लगाओ, खतम. कव्हर तो छप गया.”

“शेवट यायच्या आधी कशाला छापलंत?”

“मशीन खाली थी.”

मी पिशवी उचलली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुळगावला सुलभाताईंच्या घरी गेले. त्या रिटायर्ड शिक्षिका. एकट्या राहतात. ओट्यापाशी बसून भिजवलेले वाल सोलत होत्या.

“ताई, काहीतरी एक ठरवा. मारायचं तर मारा, आणायचं तर आणा. कुरिअरवाला चालणार नाही.”

“अगं, त्या पोरीनं आईचं आजारपण काढलं, दुकान सांभाळलं. आता हा मिठाई घेऊन येणार आणि ही गळ्यात पडणार? लिहिताना मलाच त्याचा राग येतो. मारून टाकला तर बकुळसाठी जीव तुटतो.”

“मग तो राग लिहा.”

“मुलांच्या पुस्तकात?”

“का? मुलांना राग येत नाही?”

“तुला सोपं आहे बोलायला. तुला लिहायचं नाहीये.”

मग आम्ही चांगल्याच भांडलो. त्या म्हणाल्या, दुसरी लेखिका शोध. मी म्हटलं, शोधते. मग मीही वाल सोलायला घेतले.

शेवटी मीच विचारलं, “बाकी सगळं राहू दे. दार उघडल्यावर बकुळ पहिलं वाक्य काय बोलेल?”

“‘कोण हवंय?’” त्या म्हणाल्या. आणि हात धुऊन टेबलाकडे गेल्या. वालाची उसळ मी केली.

संध्याकाळी त्यांनी पानं माझ्या हातात ठेवली. बकुळ दार उघडते. बाबांना ओळखते. तरी विचारते, कोण हवंय? बाबा खाली बघतात. ती म्हणते, आई दुकानात आहे, येईल, तोवर बाहेर ओट्यावर बसा. मग आत जाते आणि त्यांना तांब्याभर पाणी आणून देते. स्वतः उंबऱ्याच्या आत बसते, आईची वाट बघत. संपलं.

एक स्वल्पविरामही बदलावासा वाटला नाही, आणि हे माझ्या बाबतीत फारच दुर्मीळ.

हरीशभाईंना मराठी बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. म्हणून प्रेसमध्ये बसून मीच मोठ्याने वाचलं. कटिंग मशीन त्यांनी बंद करायला लावलं.

“अंदर नहीं लिया?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“पानी दिया ना?”

“दिलं.”

त्यांनी कव्हरांचा गठ्ठा बाजूला सरकवला. “पानी दिया मतलब अंदर भी लेगी. आज नहीं तो कल,” ते म्हणाले. मग जरा वैतागून, “ये कव्हर अब क्या काम का? दुसरं बनवा. और फर्मा पूरा करो.”

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. शेवट छोटा झाल्यामुळे आमचा शेवटचा फर्मा भरत नव्हता. मी टाइप थोडा मोठा केला. भरला.

पुस्तक आलं. पालकांचे फोन आले, शेवट अर्धवट का ठेवलात? अंबरनाथच्या एका शाळेत मात्र मुलांची जुंपली. एक मुलगी म्हणाली, पाणीसुद्धा द्यायला नको होतं. दुसरी म्हणाली, असं कसं, बाबा आहेत ते. तास संपला तरी निकाल लागला नाही. अर्धवट आहे असं एकही मूल म्हणालं नाही.

या धंद्यात इतक्या वर्षांनी मी एवढंच शिकले: लेखक अडला असेल तर पुस्तक कसं संपणार हे त्याला विचारू नये, पुढचं वाक्य विचारावं. आणि प्रिंटरचं मशीन रिकामं राहू देऊ नये.