गोदूबाईने अर्धीच सांगितलेली वेळ

गोदूबाईचा राग पटकन दिसत नाही. इतर बायका भांडी आपटतात, शिव्या घालतात, रडून मोकळ्या होतात. ही बाई गप्प होते, पान लावते आणि वाट बघते. डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठी तिला ओळखणारे सांगतील, ती तोंड चालवते आहे तोवर घाबरायचं कारण नाही.

तिचा नवरा पोपट तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या जागी, होडी चालवायचा. पलीकडच्या भाजीवाल्या, शाळेची पोरं, लग्नाची वऱ्हाडं, सगळी त्याने आणली-नेली. पूल झाला, होडीची ये-जा बंद पडली, आणि आठ वर्षांपूर्वी पोपटही गेला. मागे उरली घरामागे पालथी घातलेली होडी आणि गोदूबाईच्या डोक्यातलं पाण्याचं गणित. तिथीची पाऊणपट करायची की समुद्रातल्या भरतीची वेळ निघते. आपल्या खाडीत पाणी चढतं त्यानंतर तासाभराने. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आलाय, पण गाव अजून तिलाच विचारतं.

गेल्या थंडीत तिचा पुतण्या कुंडलिक आला. काठावर बाग आणि सायकल ट्रॅक होत होता, त्यातलं थोडं काम त्याच्याकडे होतं. म्हणाला, "काकी, काकांची होडी बागेत ठेवूया ना. मस्त रंग मारून. पब्लिक बघेल, नाव राहील त्यांचं."

गोदूबाई हरखली. होडी न्यायला आलेल्या माणसांना तिने गरमागरम भजी खाऊ घातली, वर होडी नीट उचला म्हणून दहादा बजावलं.

उद्घाटन व्हायचं होतं, पण लोक कसले थांबतात! बाग गजबजायला लागली तशी नात शिवानी तिला ओढूनच घेऊन गेली. फाटकाशी भाड्याच्या सायकली होत्या. शिवानी वेडीवाकडी चालवतेय आणि गोदूबाई कॅरिअर घट्ट धरून मागे धावतेय.

"आज्जी, सोड ना! सगळे बघतायत."

"बगू दे. पडलीस तर तुझी आय माझ्या नावानं बोंबलंल."

वळणावर होडी दिसली. आकाशी रंग, पोटात माती, मातीत सदाफुली. एका कडेला पत्र्याचं ठिगळ होतं, ते गोदूबाईने स्वतः ठोकलेलं. तिने त्यावरून हात फिरवला आणि शिवानीला शेजारची पाटी वाचायला सांगितली.

शिवानीने वाचलं, "या गावचे शेवटचे नावाडी श्री. आनंदा यांना मानाचा मुजरा." मग तिने आजीकडे बघितलं. "आज्जी, हे तर आनंदा आजोबा ना?"

आनंदा म्हणजे पोपटचा धाकटा भाऊ, कुंडलिकचा बाप. लहानपणी बुडता बुडता वाचला, तेव्हापासून गुडघाभर पाण्यात उतरला नाही. पलीकडे मामाकडे जायचं तर पोपट त्याला होडीच्या तळाशी डोळे मिटून बसवायचा. हा म्हणे नावाडी!

गोदूबाई तशीच कुंडलिकच्या दारात गेली. आनंदा ओट्यावर बसला होता, तो तिला बघून आत गेला. कुंडलिक हसला. "काकी, छापताना घोळ झाला गं. उद्घाटन होऊन जाऊ दे, मग बघू. आणि काका काय आता वाचायला येणारेत?"

पाटीचं कदाचित तिने पोटात घातलंही असतं. पण हे शेवटचं वाक्य आणि ते हसणं! घरी येऊन तिने पान लावलं. चारचौघांत याच्याच तोंडून पोपटचं नाव वदवून घेईन, तर नावाची गोदू, असं तिने ठरवलं.

आठ दिवसांनी कुंडलिक परत आला, घोळ वगैरे सगळं विसरून. रविवारी नऊला उद्घाटन होतं. पाहुण्यांना बोटीतून थेट बागेच्या धक्क्यावर उतरवायचं, ढोलताशे वाजवायचे, असा त्याचा थाट.

"काकी, रविवारी भरती कधी?"

गोदूबाईने बोटांवर मोजलं. "दशमी हाय. साडेआठला पानी भरलं असंल."

"म्हणजे नऊला बोट लागेल?"

"नवाला लागंल."

पोपट भरती सांगितली की पाठोपाठ ओहोटीही सांगायचा, कुणी विचारो न विचारो. अर्धी वेळ सांगणं तो पाप मानायचा. तिलाही तीच सवय. उरलेली अर्धी वेळ जिभेवर आली होती, ती तिने पानाबरोबर गिळली. नऊचे पाहुणे नऊला आलेले तिने उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

रविवारी पाहुणे दुपारी पाऊण वाजता आले, तोवर ओहोटीने पाणी उतरलं होतं. आनंदा नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत घामाघूम बसला होता. बोट निघाली आणि धक्का वीस हातांवर असताना चिखलात बसली. ढोल वाजतच होते. पाहुण्यांबरोबर बोटीत असलेल्या कुंडलिकला वाटलं ढकलली की सुटेल. पांढऱ्या कपड्यांनिशी त्याने खाली उडी मारली आणि मांड्यांपर्यंत रुतला. त्याचं वजन उतरल्यावर बोट मात्र खरंच सुटली. बोटवाल्याने बांबू रोवून ती खोल पाण्यात मागे घेतली आणि पाहुणे आल्या वाटेने परत गेले.

कुंडलिक राहिला. लोकांनी दोरी फेकून ओढलं, तसा तो आणखी रुतला आणि किंचाळला. त्या चिखलातून माणूस कसा काढायचा हे ठाऊक असलेली सगळी डोकी पांढरी होती, आणि ती सगळी गोदूबाईकडे बघत होती.

गोदूबाई कठड्याशी आली. "कुंडलिक, बागेतली होडी कोनाची रं?"

"काकी, आता हे काय? फळी टाकायला सांग ना!"

"कोनाची?"

"पोपटकाकांची!" तो ओरडला. शे-दीडशे मोबाइल त्याच्यावर रोखलेले. "झालं समाधान?"

"आनि तुझा बाप?"

कुंडलिकने पहिल्या रांगेकडे बघितलं नाही. "बाबांनी कधी वल्हं धरलं नाही. त्यांना पाण्याची भीती वाटते!"

कुणीतरी फिसकन हसलं, मग बरेच जण हसले. गोदूबाईचा जीव थंड झाला, खोटं कशाला बोला!

आनंदा उठून तिच्यापाशी आला. डोळे भरलेले, हात जोडलेले. "वहिनी, पाटी मी नाय लावली. आता काढ त्याला."

"लावली तवा बगत होतास ना?"

आनंदाने चिखलातल्या पोराकडे बघितलं.

"तवा गप बसलास. आता बी बस. पानी येल संध्याकाली, तोच निंगंल."

असं म्हणून ती पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीत टेकली.  आनंदाने नवं धोतर वर खोचलं, धक्क्याच्या पायऱ्यांवर गेला आणि डोळे घट्ट मिटून पहिला पाय चिखलात टाकला.

गोदूबाई खुर्चीतून ताडकन उठली. "आनंदा! अरं मेल्या, थांब!"