अकरा घरांची फिरती पाटी

परत येऊन तीन आठवडे झाले आणि लिहायला आज बसतेय. फोटो टाकून मोकळी झाले होते. लिहिणं टाळलं, कारण लिहायचं तर आधी माझा घोळ कबूल करावा लागतो. आज रविवार. ताई कामावर, भावोजी ओसाकाला, पाच वर्षांची मीरा माझ्या ताब्यात आणि घड्याळात सव्वाआठ. नऊ वाजता त्या गावाचं काय ते ठरणार आहे. तोवर नुसतं बसवणार नाही, म्हणून लिहितेय.

मी कॉलेज अर्ध्यात सोडलेली, जपानीच्या दोन परीक्षा देऊन तिसरीला दांडी मारलेली. ताईकडे कावासाकीला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात पाय शिवशिवायला लागले. कुणीतरी म्हणालं, त्सुकुबाच्या पलीकडे डोंगरात अकरा घरांचं गाव आहे, एक आजी खोली देतात. निघालेच.

तुम्हाला जायचं असेल तर त्सुकुबापर्यंत ट्रेनने साधारण सोळाशे येन. पुढे दोन बस, त्यातली दुसरी दिवसातून तीनदाच. मग दोन किलोमीटर चढ, पायी. वाटेत एकही दुकान नाही, त्यामुळे खायचं ते स्टेशनवरच घ्या. मी घेतलं नाही, कारण स्टेशनबाहेर एक म्हातारा पतंग दुरुस्त करत होता आणि ते बघण्यात पहिली बस गेली.

हानाए-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. बांबूच्या कोवळ्या कोंबांचा भात वाढता वाढता त्यांनी गाव सांगितलं. इथं आधी नुसता उतार होता. त्यांच्या खापरपणजोबांच्या पिढीने ओढ्याचं पाणी पाट काढून डोंगराच्या कडेकडेने फिरवलं, तेव्हा भाताची खाचरं झाली आणि खाचरांभोवती घरं. चाळीस होती, आता अकरा. दर वर्षी लावणीआधी घरटी एक माणूस येतं आणि पाट उपसतं.

"यंदा गावच्या प्रमुखांनी सांगितलंय," त्या म्हणाल्या, "आठ घरं आली तर पाट चालू. नाहीतर तोंडच बंद करायचं. आम्ही म्हातारे किती दिवस चिखल उपसणार?"

"आणि तुमचं खाचर?"

"सगळ्यात खालचं. पाट बंद झाला की गवत."

कोण येणार हे विचारणारी पाटी घरोघर फिरत होती. पुठ्ठ्याच्या पाटीवर कागद, कागदावर घरांची नावं; वाचायचं, येणार की नाही ते लिहून शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. जपानी गावाचा कारभार असा हातोहात चालतो. दुसऱ्या सकाळी निघताना हानाए-साननी ती माझ्या हातात दिली. "जाता जाता पुढच्या घरी दे. उद्या दुपारी प्रमुखांकडे पोचायला हवी."

पुढचं घर शंभर पावलांवर होतं. मध्ये देवळाच्या पायरीवर मांजर होतं, त्याच्या मागे एक झरा होता, आणि मग खाली बस दिसली. पळाले. त्सुकुबाला पाण्याची बाटली काढायला बॅगेत हात घातला, तर पाटी!

ताईला फोन केला. "कुरियर करू का गं?"

"कर ना. आणि सोबत सॉरीची चिठ्ठी लाव. वाटीभर साखर शेजारी पोचवायला दिली तरी तू मुंग्यांशी गप्पा मारत बसशील!"

उलट्या बसने परत गेले. दुसरी बस चुकली, म्हणून नऊ किलोमीटर चालले. हानाए-सान रागावल्या नाहीत, फक्त चहा ठेवला. ते जास्त लागलं. मी म्हटलं, उरलेल्या घरी मीच जाते, एकेक शिक्का घेऊनच येते.

सकाळी सहाला सुरुवात केली. एका आजोबांनी गुडघा दाखवला, दुसऱ्यांनी मुळ्याचं लोणचं दिलं आणि वर टोमणा मारला, "पाटी भारतात जाऊन आली म्हणे!" यादीत एक नाव खोडलेलं होतं, गेंझो. घर मात्र उघडं, दोरीवर कपडे. पाट तर त्यांच्याही अंगणाला लागूनच जातो. गेले.

"ही माझ्याकडे येत नाही," ते दारातूनच म्हणाले. "बारा वर्षं."

तरी घेतली. उभ्यानेच शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि शिक्का न मारता परत दिली. "खालच्या बाईला सांग, वरच्या वळणावर बीळ पडलंय. पाणी तिथेच मुरतं. तिथला दगड माझ्या बापाने बसवला होता."

हे सांगितल्यावर हानाए-सान कितीतरी वेळ कप पुसत राहिल्या, मग सांगू लागल्या. एका कोरड्या वर्षी पाण्याच्या पाळीवरून त्यांचे यजमान आणि गेंझो-सान यांचं भांडण झालं, तेव्हापासून तो माणूस पाटावर नाही आणि पाटी त्याच्या दारी नाही. यजमान गेले, तरी खोडलेलं नाव तसंच.

प्रमुखांकडे दुपारच्या आत पोचले. होकार सात. "आठवी मी!" मी म्हटलं. ते हसले. "तुझं खाचर कुठंय?" मग ठरलं, तीन आठवड्यांनी, लावणीआधीच्या रविवारी नऊला पाटावर जेवढी घरं उभी असतील तेवढी मोजायची.

तो रविवार आज. फावडं धरायला तरी जायचं होतं, पण मीराला कोण बघणार? राहिलं काय म्हणाल तर एवढंच: आता ताईच्या बिल्डिंगमधली नोटीस पूर्ण वाचते, आणि हातात दिलेली वस्तू आधी पोचवते, मांजर नंतर.

नऊ वाजून चार. फोन वाजतोय, मीराने आधीच उचललाय आणि जपानीत हसत बोलतेय. "मावशी, हानाए-आजी!"

"कोण कोण आलं?" मी ओरडलेच.

"सात," हानाए-सान म्हणाल्या. धाप लागलेली. "आणि आत्ता वरच्या वळणावरून तो उतरलाय. खांद्यावर फावडं. विचारतोय, पाटीवाली पोरगी कुठंय?"