पोलिक्सेनीने जोडलेला सांधा

पोलिक्सेनीकाकू फेब्रुवारीत गेली. वसंतात झिकोसकाकांनी सांगून टाकलं, ऑगस्टात मेरीमातेच्या जत्रेला मी वाजवणार नाही.

आमच्या डोंगरात जत्रा विलापाने सुरू होते. वर्षभरात जे गेले त्यांच्यासाठी आधी क्लॅरिनेट वाजतं. तोवर कुणी नाचायला पाय उचलत नाही. काकूसाठी काकांनी नाही तर कुणी वाजवायचं?

"त्याला सोड, रिनिओ," व्हायोलिनवाला लाम्बीस मला म्हणाला. "दुःख आहे. हात धरून कुणाला वाजवायला लावता येतं का?"

मी तरी गेले. यानिना शहरातून साहित्याची पदवी घेऊन परतल्यापासून संध्याकाळी काकांकडे कॉफीला बसायची माझी सवय होती. क्लॅरिनेट टेबलावर होतं. जोडलेलं.

"असं ठेवायचं नसतं ना?" मी विचारलं. "तुम्हीच म्हणायचात, वाजवून झालं की सोडवून, पुसून पेटीत."

"नसतं ठेवायचं."

"मग?"

त्यांनी बोटं माझ्यासमोर धरली. पेरं सुजलेली. "भोकांवर ही चालतात. पीळ देऊन सांधा बसवणं जमत नाही. कधीपासूनच नाही. ती जोडायची. सूर चढला की तीच सैल करायची."

प्रत्येक जत्रेत काकू त्यांच्या मागोमाग चर्चच्या मागे जायची, हे सगळ्या गावाने पाहिलेलं. बायकोने चावी भरल्याशिवाय झिकोस वाजत नाही, असं लोक हसायचे. मीही हसायचे. काका कधी चिडले नाहीत. लोकांनी तेच समजावं, असं दोघांनी ठरवलं असणार.

"हे नाताळात तिने जोडलंय," काका म्हणाले. "मी सोडवलं नाही."

त्यांनी फुंकून दाखवलं. मधल्या सांध्याचं बूच दबून गेलं होतं, वारा तिथून निसटत होता. वरचे सूर ठीक. खालचे कापत, मग किंचाळत. विलाप तर खालूनच उठतो.

"यानिनाला नेऊ. नवीन बूच बसवून देतील."

"त्यासाठी सोडवावं लागेल."

मी कप विसळायला उठले.

तरी जुलैत आम्ही यानिनाला गेलो. दुरुस्तीला नाही. तिथला कारागीर अख्ख्या लाकडाची क्लॅरिनेटं करतो, मध्ये सांधाच नाही अशी. त्याने एक काकांच्या हातात दिलं. काकांनी सगळ्यात खालचा सूर धरला आणि डोळे मिटले.

"वारा जायला जागाच नाही," कारागीर म्हणाला. "वरच्या आणि खालच्या चाव्या जुळवायची कटकट नाही. भोक हवं तिथे पाडता येतं, सांधा आडवा येत नाही."

"आता वाईट सांग," काका म्हणाले.

"पेटी लांबलचक. बसमध्ये लोकांच्या पायात येईल. बिनगाठीचं एवढं लाकूड मिळत नाही, म्हणून आहे हे एकच. वरचा आखूड नळा मी घट्ट बसवून देतो, तो तुम्हाला काढावा लागणार नाही. पण उन्हात सूर चढला तर उतरवायला तो थोडा बाहेर ओढायचा, तेवढीच एक जागा, आणि ती तुमच्या हातांनी हलायची नाही. शिवाय तडा गेला की संपलं. अर्धं बदलून मिळत नाही."

"ते माहीत आहे मला," काका म्हणाले.

परतताना माझ्या गाडीत लांब पेटी त्यांच्या मांडीवर आडवी होती आणि तिचं टोक गिअरला लागत होतं. "सरकवा थोडी, दरीत जाऊ," मी म्हटलं. "नवी आहे, रिनिओ. लाजते अजून," ते म्हणाले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच हसले.

जत्रेचा दिवस तापला. दुपार कलल्यावर चौकातल्या झाडाखाली वादक बसले. काकांनी सूर दिला. लाम्बीसने तार छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"झिकोस, चढलायस. खाली ये."

"येता येत नाही."

"नेहमी तूच येतोस की."

"या वेळी नाही येता येत, लाम्बीस."

काका आखूड नळ्यावर बोटं आवळून बघत होते. बोटं घसरत होती. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायका बघायला लागल्या. काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ते उठून घरी जातील. मी धावणार होते, पण लाम्बीसने नजरेने मला बसवलं. तो त्या बोटांकडे बघत होता. बराच वेळ.

मग त्याने व्हायोलिनची खुंटी पिळली.

"चढवा रे सगळे," तो लाऊतोच्या तारा छेडत साथ करणाऱ्यांना म्हणाला. "आज म्हाताऱ्याची मिजास आहे."

"तार तुटेल, मामा," एक जण कुरकुरला.

"तुटू दे. दुसरी लाव."

तारा एकेक करून वर गेल्या, काकांच्या सुरापर्यंत. मग आमच्या गावची रीत म्हणून लाम्बीसने विचारलं, गावाला जे ठाऊक होतं तेच.

"तुझ्या घरचं कोण गेलं, झिकोस?"

"पोलिक्सेनी," काका म्हणाले, आणि खालचा सूर लावला. तो कापला नाही.