घाटात उडालेली टोपी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोरसुद्धा नाही — आणि तिला तर वाटतं, ह्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. एक तीळ भिजला, बाईसाहेब. चांगला एकोणीस वर्षं भिजला. ठाऊक आहे ते फक्त एका माणसाला, आणि त्यानंही ते कुणाला सांगितलेलं नाही.

पण आधी थोडी बढाई मारू द्या. तेवढा हक्क मी ह्या जानेवारीत कमावलाय. साठी उलटून वर एक वर्ष झालं, उजवा गुडघा कुरकुरतो, आणि तरी मी कुंभार्ली घाट सायकलवर चढलो. पोफळीपासून थेट माथ्यापर्यंत. कुठं उतरलो नाही, कुठं ढकलली नाही. माथ्यावर आलो तेव्हा असा ओरडलो की चहावाल्याच्या हातातलं गाळणं पडलं. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता — हे वाक्य बायकोनं वाचलं तरी चालेल.

मग कबुली कसली? तीच तर अडचण आहे. माझा हा घाट एकोणीस वर्षांपूर्वीच चढून झालेला आहे. वहीत तशी नोंद आहे.

मी माधवनगरचा पोस्टमन. तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं. आमचं सात जणांचं टोळकं दर जानेवारीत कोयना धरणाच्या शिवसागराला फेरी मारतं. सांगलीहून निघायचं, सातारा, कास, खाली बामणोलीला जाऊन पाणी बघायचं, परत वर येऊन मेढ्यामार्गे महाबळेश्वर, तिथून कोकणात उतरायचं, आणि चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला यायचं. एवढा मोठा वळसा घातल्यावर कळतं की हे पाणी केवढं आहे. बामणोलीच्या काठावर उभं राहिलं तर ते कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं तेच उमगत नाही. डोंगराच्या प्रत्येक फटीत शिरलेलं असतं. पलीकडच्या गावाला जायला लोक लाँचची वाट बघत बसलेले असतात, आणि आपण सायकलवाले त्यांना येडे वाटतो. असू देत.

ह्या फेरीचा एक रिवाज आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. निघताना प्रत्येकानं सांगलीच्या घाटावर कृष्णेचं पाणी बाटलीत भरून घ्यायचं. खोकल्याच्या औषधाची बाटली, धुऊन घेतलेली, त्याहून मोठी नाही. कोयना कऱ्हाडात कृष्णेला मिळते आणि ते पाणी आमच्या दारात येतं. आम्ही त्यातलं घोटभर उलटं वर न्यायचं आणि धरणाच्या पाण्यात ओतायचं. वर्षभर पितो, तर एवढं तरी करावं. ही कल्पना आबांची. आबा म्हणजे रहिमतपूरचे निवृत्त सुभेदार, आमचे म्होरके. नियमही त्यांचाच — "ज्याचं बूड गाडीला लागलं, त्याचं पाणी धरणाला लागायचं न्हाई."

आणि वही. फेरी संपली की मी वहीत हकिकत लिहायची, अक्षर बरं आहे म्हणून. मग एका रविवारी आबांच्या अंगणात भडंग खात ती मोठ्यानं वाचली जाते. तुम्ही हे वाचताय ते त्याच वहीत. आता लक्षात येतंय ना, मी कुठं येऊन बसलोय ते?

दस्तगीरबद्दल अजून सांगितलंच नाही. मुद्दाम टाळतोय का? टाळतोयच. दस्तगीरचं सायकल दुरुस्तीचं दुकान आमच्या पोस्टाच्या समोर. त्याच्या हाताखालून गेला नाही असा माझ्या सायकलीचा एकही नट नाही. पंक्चर काढता काढता तो दुनियेभरच्या गप्पा मारायचा, आणि आबांच्या टोळक्यात मला त्यानंच ओढलं. डोक्यावर कायम लाल टोपी. सायकल कंपनीची असावी, वरची अक्षरं केव्हाच पुसलेली. लांबून टोपी दिसली की लोक म्हणायचे, दस्तगीर आला.

ती माझी पहिलीच फेरी. चार दिवस मी सगळ्यांच्या पुढं. पोस्टमन ना मी! कासच्या चढावर मागं वळून बाकीच्यांना चिडवत होतो. बँकेतल्या एकाला तर म्हणालो, साहेब, टपालात टाकू का तुम्हाला? सगळे हसले. मला काय माहीत, माझं सगळं टपाल सपाटीवर वाटून झालेलं होतं.

पाचव्या दिवशी चिपळूण सोडलं. पुलावर माझी टोपी वाऱ्यानं उडाली आणि नदीत गेली. ऊन कोकणातलं. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत माझं डोकं गरगरायला लागलं. आबा आणि बाकीचे चौघे केव्हाच पुढं गेले होते. मागं राहिलो मी आणि माझ्यासाठी थांबलेला दस्तगीर. त्यानं आपली लाल टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. स्वतः ओला रुमालही बांधला नाही. मी म्हणालो, तू हो पुढं, मी येतो सावकाश. तो गेला.

आणि मग — मग एक टेम्पो आला. नारळाची पोती घेऊन कऱ्हाडला चाललेला. मी हात केला.

बघा, हे लिहिलं तर एका ओळीत झालं.

पोत्यांवर सायकल आडवी टाकली आणि तिच्या शेजारी मी. चार-पाच वळणांनंतर ताडपत्रीच्या फटीतून मला दस्तगीर दिसला. पॅडलवर उभा राहून चढत होता. डोकं उघडं, सदरा अंगाला चिकटलेला, तोंडानं काहीतरी पुटपुटत होता — गाणं असेल, शिव्या असतील. मी खाली वाकलो. त्यानं बघू नये म्हणून वाकलो, का मला तो बघवेना म्हणून? खरं सांगायचं तर दोन्ही.

माथ्याच्या अलीकडच्या वळणावर टेम्पोवाल्यानं मला उतरवलं. आता पुढचं ऐका. मी बाटलीतलं पिण्याचं पाणी डोक्यावर ओतून घेतलं, घाम दिसावा म्हणून. लाल टोपी पिशवीत कोंबली. थोडा वेळ काढला आणि उरलेलं वळण धापा टाकत चढलो. चहाच्या टपरीवर सगळे बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आबांनी पाठ थोपटली. मी धड माणूस असतो तर तिथंच सांगून मोकळा झालो असतो. पण मी बसलो आणि चहा मागितला.

तोवर टेम्पोवाला त्याच टपरीवर चहा पिऊन गेलेला होता. जाता जाता हसत सांगून गेला होता, तुमचा एक लाल टोपीवाला माझ्या गाडीत बसून आला म्हणून. लाल टोपी म्हणजे कोण? ते सगळ्यांना पाठच होतं. पायथ्याशी त्यानं ती मला घातलेली कुणी पाहिलीच नव्हती. मला सांगण्यात आलं, दस्तगीरनं गाडी धरली. तुम्हीच सांगा, त्या वेळी तोंड उघडायला कितीसा जोर लागतो? घाट चढण्याइतका तरी नक्कीच नाही. तेवढाही मला लावता आला नाही.

दस्तगीर तासाभरानं आला. उघड्या डोक्यानं, लालबुंद, आणि हसत. दोन्ही हात वर करून आला तो! टाळी एकही वाजली नाही. कुणीतरी म्हणालं, दम लागल्याचं सोंग बरं जमलंय. आबा उठून त्याच्या पुढं उभे राहिले.

"टोपी कुठाय रं तुझी?"

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. माझे ओले केस बघितले, फुगलेली पिशवी बघितली. मी कपात बघत होतो. त्याचे हात सावकाश खाली आले.

"घाटात उडाली, आबा."

"टेम्पोत बसलास व्हय?"

"आवं, तुमी म्हणशीला तसं."

एवढंच. संध्याकाळी धरणाच्या काठावर सहा जणांनी पाणी ओतलं, त्यात मी होतो. दस्तगीर वर रस्त्यावर सायकली सांभाळत उभा राहिला. परत आल्यावर आबांनी प्रत्येकाला नारळ दिला, दस्तगीर सोडून. आणि मी वही उघडून माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलं — कुंभार्ली घाट : सहा जण पूर्ण. दस्तगीर : टेम्पो. ते अंगणात वाचलं गेलं तेव्हा तो समोर बसून भडंगातले शेंगदाणे वेचून खात होता.

त्यानं फेरी सोडली नाही. दर वर्षी आला, प्रत्येकाची पंक्चर काढली, आणि काठ आला की म्हणाला, मी हाय सायकलींजवळ, जावा तुमी. मीही दर वर्षी गेलो. घाटात कधी चेन पाडली, कधी पायात गोळा आणला, उतरून ढकलत नेली. अर्धा घाट पायी हा नियमात बसत होता, आबांनी पायाला मनाई केली नव्हती. पण मी कधी चढलो नव्हतो. आणि टोपी माझ्या कपाटात, खाकी गणवेशाच्या खाली.

निवृत्त होऊन रिकामा झालेला मी ह्या वेळी सहा महिने आधीपासून रोज पहाटे दंडोबाच्या डोंगराचा चढ घोटत होतो. कुणाला कारण सांगितलं नाही. पोफळीला आलो, दस्तगीर नेहमीसारखा शेवटी, माझ्या बाजूला. तो आता त्रेसष्ट वर्षांचा. दोघे लागलो चढायला. पहिल्या वळणांवर छाती भात्यासारखी चालली होती, मग ती जी लय लागली! खाली कोकण धुक्यातून वर येत होतं, माकडं कठड्यावर बसून आम्हाला बघत होती, ट्रकवाले हॉर्न देऊन हात करत होते. मी मोठ्यानं हसत होतो. गुडघा म्हणत होता बस, आणि मी म्हणत होतो गप.

माथ्याच्या अलीकडचं वळण आलं. दस्तगीर माझ्या शेजारी आला. पुढं बघतच बोलला.

"पोस्टमन, हितंच उतरला हुतास न्हवं?"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. माझं हँडल हललं, पण पाय थांबू दिला नाही.

"हितंच."

"टोपी ठिवलीस का टाकलीस?"

"ठिवलीय."

"बरं केलंस. लय चांगली टोपी हुती."

आणि तो पुढं निघून गेला. माथ्यावर मी ओरडलो ते त्याच्या मागोमाग.

संध्याकाळी काठाशी मी बाटली त्याच्यापुढं धरली. म्हणालो, ही तू ओत. मला हक्क नाही. तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं मी चांगली ट्यूब ठिगळ लावायला आणलीय.

"माझी कवाच ओतून झाली. दर वर्षी ओततो, तुमी फोटो काढत बसता तवा, त्या पलीकडच्या झाडाखाली. त्या वर्षीबी ओतली. पाणी काय वही वाचतं व्हय, गड्या?"

म्हणजे एकोणीस वर्षं ज्याची हार मी लिहून ठेवली होती तो एकदाही हरलेला नव्हता. दर वर्षी जिंकून, हात पुसून, आमच्या सायकली सांभाळत उभा होता. मला रडू आलं, आणि खरं सांगतो, त्याच्या नावानं शिट्टीही वाजवावीशी वाटली. वाजवली. आबा आता एसटीनं थेट काठावर येतात; त्यांनी काठीवर रेलून विचारलं, काय झालं रं? मी म्हणालो, रविवारी वाचा, आबा.

माझी बाटली भरलेलीच परत आणली. ती आणि टोपी आता वहीशेजारी टेबलावर आहेत. टोपी उद्या दुकानात नेऊन देणार.

पाणी वाचत नसेल. माणसं वाचतात. म्हणून जुनी ओळ खोडत नाही, तिच्याखाली त्याच अक्षरात लिहितो —

पहिली फेरी, कुंभार्ली घाट. दस्तगीर : पूर्ण, भर उन्हात, उघड्या डोक्यानं. लाल टोपीखाली, टेम्पोत : मी.