बर्फात ठेवलेली बाटली

बाटलीचं सील शाबूत होतं, पण आतलं पिवळं पाणी जवळपास बिनरंगी झालं होतं. समोर डायहाऊसचे मालक, शेजारी आमचे साहेब. मालक हसत म्हणाले, "काय ओ केमिस्टसाहेब, हे तर प्यायचं पानी हाय की!"

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात पाणी तपासणाऱ्या एका लहान लॅबमध्ये होतो. सूत रंगवणाऱ्या या डायहाऊसच्या सांडपाण्याच्या हौदाशेजारची विहीर पिवळी पडली होती आणि आसपासची घरं त्याच विहिरीवर होती. सुताचा रंग पक्का करायला बायक्रोमेट आणि ॲसिड वापरतात. पिवळेपणा त्या बायक्रोमेटचा, आणि ते विषारी. आम्ही हौदातल्या पाण्याच्या दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या भरल्या. एक मी त्याच दिवशी तपासली. दुसरी मालकांसमोर उघडायची होती, म्हणून सील करून आमचे लॅब अटेंडंट राजय्या यांच्याकडे दिली.

राजय्यांचा मेव्हणा त्याच डायहाऊसमध्ये कामाला. साहेबांना एवढं पुरे होतं.

मालक गेल्यावर ते म्हणाले, "बाटली बदलली त्यानं. आधी मेमो, मग सस्पेन्शन."

"पण सर, सील तर..."

"सील नवीन करता येतं. थंडीत ठेवलेलं पाणी बदलत नाही, हे तुम्हीच सांगता ना?"

सांगत होतो खरं. मलाही राजय्यांचाच संशय आला होता आणि त्याची आजही लाज वाटते.

दोन दिवस राजय्या व्हरांड्यात स्टुलावर बसून होते. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "राजय्या, बाटली ठेवली कुठं होती तुम्ही?"

"बर्फात की. तुमीच म्हनला, बर्फात ठेवा."

"म्हणजे फ्रीजमध्ये?"

"फ्रीजात, वरच्या कप्प्यात. बर्फ तितंच असतो न्हवं? पार दगुड झालती. सकाळी काढली, मग पानी झालं."

फ्रीज येण्याआधी आम्ही भुशातली बर्फाची लादी आणून तिच्या तुकड्यांत बाटल्या ठेवायचो. फ्रीज आला, तरी माझ्या तोंडी 'बर्फात ठेवा' तसंच राहिलं होतं.

पहिल्या बाटलीतलं उरलेलं पाणी टेबलावर अजून पिवळंच होतं. त्याचे दोन लहान बाटल्यांत दोन भाग केले. एक फ्रीजच्या खालच्या फळीवर ठेवला, एक वरच्या कप्प्यात गोठवला. दुसऱ्या दिवशी खालचं पिवळं होतं. वरचं वितळलं, तर रंग गेलेला.

मी साहेबांना समजावलं. गारेगार चोखताना रंग आणि गोडी आधी निघून येते, काडीला पांढरा बर्फ राहतो. पाणी गोठतं तेही स्वतःपुरतं, बाकीचं बाजूला ढकलत. बायक्रोमेट, ॲसिड आणि रंगातली सेंद्रिय द्रव्यं उरल्यासुरल्या पाण्यात दाटीनं कोंडली जातात. बायक्रोमेट त्या द्रव्यांचं ऑक्सिडेशन करतं आणि त्यात स्वतःचा पिवळेपणा घालवून बसतं. एरवी रेंगाळणारं हे काम त्या दाटीत भराभर उरकतं.

साहेबांनी दोन्ही बाटल्या खिडकीशी धरून पाहिल्या आणि मेमो फाडला. "झालं, विषय संपला," म्हणाले. मी मात्र फाइलवर लिहिलं, सूचना माझी होती, चूकही माझी.

नवा नमुना घ्यायला गेलो तोवर हौद धुऊन लख्ख झाला होता. केस तिथंच बारगळली. विहीर पिवळीच राहिली.

नमुना कुठं ठेवला होता, हा लॅबमधला पहिला प्रश्न. तो विचारायला मला तीन दिवस लागले. मी राजय्यांची माफी मागितली.

"पयल्याच दिशी इचारायचं की, साहेब," ते म्हणाले. "मी भाईरच बसलो हुतो."